आयबटन (प्रवेशचावी)

आयबटन ही स्टेनलेस स्टीलच्या बटणाएवढ्या बंद डबीत बसवलेली इलेक्ट्रॉनिक चिप आहे. इमारतींच्या प्रवेशद्वारांवरील विद्युत कुलुपे उघडण्यासाठी तिचा चावी म्हणून मोठ्या प्रमाणावर वापर होतो. प्लास्टिकच्या किंवा धातूच्या मुठीत बसवलेली ही डबी किल्ल्यांच्या जुडग्यात अडकवता येते. दाराजवळील वाचकाच्या खळग्यात ती क्षणभर टेकवली की वाचक तिच्यातील क्रमांक वाचतो आणि तो क्रमांक नोंदलेला असल्यास कुलूप उघडते. रेडिओ लहरींवर चालणाऱ्या कार्डांप्रमाणे ती दुरून वाचता येत नाही. वाचकाशी धातूचा प्रत्यक्ष स्पर्श व्हावा लागतो. मूळ उत्पादक कंपनीच्या नावावरून तिला ‘डॅलस चावी’ असेही म्हणतात. रशियात तिच्या आकारामुळे ‘ताब्लेत्का’, म्हणजे औषधाची गोळी, हे बोलीभाषेतील नाव रूढ आहे.

धातूच्या कवचामुळे ही चावी पडझड, ओलावा, थंडी आणि खिशातील घासाघीस यांना चांगली तोंड देते. मात्र कवचाचा भक्कमपणा आणि आतील क्रमांकाची सुरक्षितता या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. डबी वर्षानुवर्षे टिकते, पण सर्वाधिक खपणाऱ्या साध्या प्रकारात आतला क्रमांक गुप्त नसतो आणि त्याची नक्कल करता येते.

इतिहास

डॅलस सेमीकंडक्टर ही कंपनी १९८४ मध्ये अमेरिकेतील टेक्सास राज्यातील डॅलस शहरात स्थापन झाली. चिपला वीज आणि माहिती एकाच तारेतून देण्याची ‘वन-वायर’ ही पद्धत तिने विकसित केली. नाण्याच्या आकाराच्या बॅटरीला दोनच विद्युत टोके असतात: वरचे झाकण आणि खालची वाटी. एका तारेवर चालणाऱ्या चिपलाही तेवढीच टोके लागतात, एक माहितीसाठी आणि दुसरे भूसंपर्कासाठी. त्यामुळे बॅटरीसारखी डबी हेच चिपचे कवच होऊ शकले. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीस ही उत्पादने ‘टच मेमरी’ या नावाने बाजारात आली. ‘आयबटन’ हे नाव नंतरचे आहे. मॅक्झिम इंटिग्रेटेड या कंपनीने २००१ मध्ये डॅलस सेमीकंडक्टर विकत घेतली आणि २०२१ मध्ये मॅक्झिम स्वतः ॲनालॉग डिव्हायसेसमध्ये विलीन झाली. कंपनीची मालकी दोनदा बदलली, तरी दारावरच्या चावीचे ‘डॅलस’ हे नाव लोकांच्या तोंडी कायम राहिले.

रचना

डबीचा व्यास सुमारे १६ मिमी असतो. जाडीचे दोन प्रकार प्रचलित आहेत: ‘एफ५’ सुमारे ६ मिमी जाड, तर ‘एफ३’ सुमारे ३ मिमी जाड असते. डबीचे झाकण माहितीच्या तारेचे काम करते, तर कडा आणि तळ मिळून भूसंपर्क होतो. दोहोंच्या मध्ये पॉलिप्रोपिलीनचे वर्तुळाकार विद्युतरोधक कडे बसवलेले असते. ते दोन्ही भागांना एकमेकांपासून अलग ठेवते आणि आत धूळ व ओल जाण्यासही प्रतिबंध करते. तळाशी बाहेर आलेली बारीक कड असते; तिच्या आधाराने डबी मुठीच्या छिद्रात घट्ट बसते.

प्रवेशासाठी सर्वाधिक वापरला जाणारा नमुना डीएस१९९०ए हा आहे. त्यात बॅटरी नसते आणि वापरकर्त्याला लिहिता येईल अशी स्मृतीही नसते. कारखान्यात लेझरने कोरलेला ६४ बिटांचा क्रमांक एवढीच त्यातील माहिती. पहिले ८ बिट उत्पादनाचे कुल दर्शवतात (डीएस१९९०ए साठी ०१), पुढचे ४८ बिट हा अनुक्रमांक असतो आणि शेवटचे ८ बिट तपासणीसाठी असतात. ४८ बिटांतून २८,१४,७४,९७,६७,१०,६५६ म्हणजे सुमारे २८१ लाख कोटी वेगवेगळे अनुक्रमांक होऊ शकतात, आणि उत्पादक एकच क्रमांक दोन डब्यांना देत नाही. हाच क्रमांक डबीच्या दर्शनी भागावर सोळाधारी अंकांत कोरलेलाही असतो. इमारतीच्या व्यवस्थापकाला ही सोय उपयोगी पडते, परंतु तिची दुसरी बाजू पुढे ‘नक्कल आणि सुरक्षितता’ या विभागात येते.

बॅटरी नसल्यामुळे डीएस१९९०ए ला कालमर्यादा अशी नसते. स्मृती किंवा घड्याळ असलेल्या काही आयबटनांत लिथियमची बॅटरी डबीतच सील केलेली असते आणि ती बदलता येत नाही. बॅटरी संपली की डबी निकामी होते. केवळ दार उघडायचे असेल तर अशा प्रकाराची गरज नसते.

कार्यपद्धती

वाचकाच्या खळग्यात मधोमध एक संपर्कबिंदू आणि भोवती धातूचे कडे असते. मधला बिंदू एका रोधामार्फत साधारणतः ५ व्होल्टच्या पुरवठ्याला जोडलेला असतो. चावी टेकली की तारेवरील याच दाबातून चिप आपला अंतर्गत संधारित्र भरून घेते आणि तार खाली खेचली गेलेल्या सूक्ष्म काळात त्या साठ्यावर चालते. परक्या विजेवर जगण्याच्या या पद्धतीला ‘परजीवी वीजपुरवठा’ म्हणतात.

संवादाची सुरुवात वाचक करतो. तो तार किमान ४८० मायक्रोसेकंद शून्य दाबावर धरून सोडतो. चिप उपस्थित असेल तर थोड्या विलंबाने ती स्वतः तार ६० ते २४० मायक्रोसेकंद खाली ओढते. हे तिचे ‘हजर’ असे उत्तर. त्यानंतर वाचक क्रमांक मागणारी आज्ञा पाठवतो आणि एकेक बिट वाचू लागतो. प्रत्येक बिटासाठी वाचक तार क्षणभर खाली ओढून सोडतो. चिपला ‘०’ सांगायचे असेल तर ती तार खालीच धरून ठेवते, ‘१’ सांगायचे असेल तर सोडून देते. एका बिटाला सुमारे ६० मायक्रोसेकंद लागतात. संपूर्ण वाचन सुमारे ५ मिलिसेकंदांत पुरे होते. चावी टेकवणाऱ्या हाताला हा वेळ जाणवतही नाही. चावी थरथरली किंवा मध्येच संपर्क तुटला तर वाचक नव्याने सुरुवात करतो.

शेवटचे ८ तपासणी बिट आधीच्या ५६ बिटांवरून ठरावीक गणिताने काढलेले असतात. वाचकाने तेच गणित करून उत्तर जुळले तरच क्रमांक ग्राह्य धरायचा असतो. या गणितात एक सापळा आहे. खळग्यात पाणी, खिळा किंवा कागदाचा चंदेरी वर्ख अडकून मधला बिंदू कड्याला जोडला गेला, तर तार सतत शून्यावर राहते आणि वाचकाला सगळे बिट शून्य दिसतात. ५६ शून्यांची तपासणी संख्याही शून्यच येते, म्हणजे हा ‘क्रमांक’ तपासणीत उत्तीर्ण होतो! म्हणूनच कुलक्रमांक ०० कोणत्याही खऱ्या चिपला दिलेला नसतो आणि काळजीपूर्वक लिहिलेली आज्ञावली तो दिसताच वाचन फेटाळते. तपासणी बिटांचे काम वाचनातील चूक पकडणे एवढेच आहे. खोटी चावी ओळखणे हे त्यांचे काम नाही.

दोमोफोन

आयबटनाचा इमारत-प्रवेशासाठी सर्वांत व्यापक वापर रशिया, युक्रेन आणि पूर्वीच्या सोव्हिएत संघातील इतर देशांत झाला. तेथील शहरांत बहुमजली इमारतीला अनेक जिने असतात आणि प्रत्येक जिन्याला स्वतंत्र प्रवेशद्वार असते. सोव्हिएत काळानंतर या दारांना पोलादी झडपा आणि ‘दोमोफोन’, म्हणजे घरातील फोनशी जोडलेली दारघंटा, बसवण्याची प्रथा झपाट्याने वाढली. दाराला विद्युतचुंबकीय कुलूप, भिंतीवर अंकफलक आणि त्याच फलकावर चावीसाठी गोल खळगा, अशी तिची नेहमीची मांडणी. याआधीच्या काही दोमोफोनांत छिद्रे पाडलेली धातूची पट्टी चावी म्हणून वापरत असत. फलकातील प्रकाशसंवेदक छिद्रांची मांडणी ओळखत असे. अशी पट्टी पाहूनच तिची प्रतिकृती करता येत असल्यामुळे स्पर्श-चावी ही त्या मानाने मोठी सुधारणा होती.

हिवाळ्यात तापमान उणे ३० अंशांपर्यंत जाणाऱ्या प्रदेशात ही निवड स्वाभाविक म्हणावी लागेल. डीएस१९९०ए साठी निर्मात्याने दिलेली कार्यमर्यादा उणे ४० ते अधिक ८५ अंश सेल्सिअस आहे. थंडीत मंदावणारी बॅटरी तिच्यात नाही, झिजणारे दाते नाहीत आणि हातमोजे घालूनही ती टेकवता येते.

विझित, एल्तिस, सिफ्राल आणि मेताकोम ही या क्षेत्रातील परिचित नावे आहेत. यांपैकी सिफ्राल आणि मेताकोम यांनी स्वतःच्या वेगळ्या चिपही वापरल्या. त्यांच्या चाव्या बाहेरून डॅलस चावीसारख्याच दिसतात, पण वन-वायर पद्धत पाळत नाहीत. वाचकाने वीज दिली की त्या न विचारताच आपला क्रमांक पुन्हा पुन्हा पाठवत राहतात. त्यामुळे डबीचा आकार सारखा म्हणून चावी चालेलच असे नाही, आणि नव्या चाव्या मागवताना होणारी सर्वांत सामान्य चूक हीच असते. फरक क्रमांकाच्या लांबीतही आहे. सिफ्राल चावीच्या क्रमांकाला १६ बिट असतात, म्हणजे केवळ ६५,५३६ शक्यता. एका प्रयत्नाला एक सेकंद धरला तर सर्व क्रमांक सुमारे अठरा तासांत संपतात; त्याच गतीने डीएस१९९०ए चे सर्व अनुक्रमांक तपासायला सुमारे ८९ लाख वर्षे लागतील. टिकाऊपणात मात्र या दोन्ही डब्या जवळपास सारख्याच आहेत.

टिकाऊपणा

डबी स्वतः क्वचितच बिघडते. स्टेनलेस स्टीलला गंज लागत नाही. ओरखडे पडले तरी संपर्कात अडथळा येत नाही, उलट खळग्यातील घर्षणाने पृष्ठभाग स्वच्छ राहतो. केवळ क्रमांक असलेल्या डबीत, खिशातील नाण्यांमुळे झाकण आणि कड जोडली गेली तरी नुकसान होत नाही, कारण आत वीजच नसते. चुंबकीय पट्टीच्या कार्डाप्रमाणे चुंबकाजवळ माहिती पुसली जाण्याचा धोकाही नाही. डबी पावसाला आणि पाण्याच्या उडालेल्या थेंबांना दाद देत नाही, मात्र दीर्घकाळ पाण्यात बुडवून ठेवण्यासाठी तिची घडण केलेली नाही.

दुबळा भाग असतो तो मुठीचा. स्वस्त प्लास्टिकच्या मुठीत डबी केवळ दाबून बसवलेली असते. प्लास्टिक थंडीत ठिसूळ होते, कडीचे छिद्र झिजून तुटते किंवा पकड सैल होऊन डबी निसटते. रहिवाशाच्या हातात रिकामी मूठ उरते आणि चावी कोठे पडली हे कळत नाही. म्हणून चावी निवडताना डबीपेक्षा मुठीकडे अधिक लक्ष देणे योग्य ठरते: कडीच्या छिद्राभोवती प्लास्टिक पुरेसे जाड आहे का, छिद्रात धातूचे कडे बसवले आहे का, आणि डबी तळाच्या कडेने अडकलेली आहे की नुसती चिकटवलेली. ओतीव धातूची मूठ अधिक काळ टिकते. ती डबीच्या कडेला व तळालाच लागून असावी. झाकणाला तिचा स्पर्श झाला तर माहितीची तार भूसंपर्काला जोडली जाते आणि चावी वाचली जात नाही. मूठ झाकणाच्या पातळीपेक्षा वर आलेली असली तर डबी खळग्यात नीट टेकत नाही, हीदेखील पाहण्यासारखी बाब आहे.

दुसरा दुबळा भाग दारावरचा वाचक. त्याचा मधला संपर्कबिंदू उघडा असतो. त्यावर धूळ, तेलकटपणा, बर्फ आणि क्वचित कोणी चिकटवलेले च्युइंगगम साचते. चावी ‘चालत नाही’ अशी तक्रार आली की आधी खळगा कोरड्या फडक्याने पुसून पाहणे इष्ट, कारण दोष बहुधा तेथे असतो. उघड्या संपर्कातून स्थिर विजेचा धक्काही आत जाऊ शकतो. लायटरमधील ठिणगी पाडणारा घटक खळग्याला लावून फलक निकामी करण्याचे खोडसाळ प्रकार जुन्या दोमोफोनांबाबत घडत असत. चांगल्या वाचकात यासाठी संरक्षक घटक बसवलेला असतो.

नक्कल आणि सुरक्षितता

डीएस१९९०ए विचारणाऱ्या प्रत्येकाला आपला क्रमांक सांगते. वाचक खरा आहे का, हे तपासण्याचे तिच्याकडे साधन नाही. काही सेकंद चावी हाती आलेली व्यक्ती तो क्रमांक वाचून पुन्हा लिहिता येणाऱ्या कोऱ्या डबीत उतरवू शकते. ‘आरडब्ल्यू१९९०’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या अशा कोऱ्या डब्या सहज मिळतात, आणि रशियन शहरांत साध्या किल्ल्या करून देणाऱ्या टपऱ्यांवर दोमोफोनच्या चावीची प्रतही मिनिटभरात करून मिळते. बहुतेक रहिवासी ही सोय नातेवाइकांसाठी जादा चावी म्हणूनच वापरतात. पण त्यामुळे व्यवस्थापनाने किती चाव्या दिल्या आणि प्रत्यक्षात किती चाव्या वापरात आहेत, यांचा मेळ राहत नाही.

क्रमांक दर्शनी भागावर कोरलेला असल्याने चावी हातात घेण्याचीही गरज नसते. स्पष्ट छायाचित्र पुरेसे आहे. नव्या घराच्या आनंदात चावीचे छायाचित्र सर्वांना दाखवणे म्हणजे प्रत्यक्षात चावीच वाटणे होय. शिवाय एकाच खेपेत खरेदी केलेल्या डब्यांचे अनुक्रमांक एकमेकांच्या जवळचे असू शकतात. अशा वेळी एक क्रमांक कळलेल्याला शेजारचे क्रमांक आजमावून पाहता येतात, आणि वर दिलेला ८९ लाख वर्षांचा हिशेब लागू पडत नाही.

यावर दोमोफोन निर्मात्यांनी काढलेला एक उपाय असा की, फलक चावी वाचल्यावर तिच्यात काही लिहिण्याचा प्रयत्न करतो. खऱ्या डबीत लिहिता येत नाही; लिहिले गेले तर ती नक्कल ठरवून नाकारली जाते. याला उत्तर म्हणून एकदा लिहिल्यावर कायमच्या बंद होणाऱ्या कोऱ्या डब्या बाजारात आल्या, आणि हा उपाय बऱ्याच अंशी निष्प्रभ झाला.

खरा तांत्रिक उपाय म्हणजे गुप्त किल्ली बाळगणारे आयबटन. डीएस१९६१एस मध्ये शा-१ आणि त्यानंतरच्या डीएस१९६४एस मध्ये शा-२५६ ही गणनपद्धत वापरलेली आहे. वाचक दरवेळी एक नवी यादृच्छिक संख्या पाठवतो. चिप ती संख्या आणि स्वतःजवळचे गुपित यांवरून उत्तर काढते. गुपित तारेवरून कधीच जात नाही आणि ऐकलेले उत्तर पुढच्या वेळी उपयोगी पडत नाही. डबीचा आकार तोच, टिकाऊपणाही तसाच. मात्र चावी आणि वाचक दोन्ही महाग पडतात आणि दारावरचा जुना फलक बदलावा लागतो, त्यामुळे निवासी इमारतींत साधी डीएस१९९०ए आणि तिच्या नकलाच अधिक आढळतात.

साधी चावी वापरायची असेल तर सुरक्षितता बव्हंशी नोंदवहीवर अवलंबून असते. चावी देताना तिच्यावर कोरलेला क्रमांक आणि सदनिका यांची नोंद ठेवली असेल, तर हरवलेल्या चावीचा तेवढाच क्रमांक नियंत्रकातून काढून टाकता येतो. अशी नोंद नसेल, किंवा स्वस्त नियंत्रकात एकेक चावी निवडून काढण्याची सोयच नसेल, तर संपूर्ण स्मृती पुसून प्रत्येक रहिवाशाची चावी पुन्हा शिकवावी लागते. हा खटाटोप टाळण्यासाठी हरवलेल्या चाव्या तशाच वैध ठेवल्या जातात. नियंत्रक निवडताना विचारण्याजोगा पहिला प्रश्न म्हणूनच चावीच्या धातूचा नसून, एक चावी रद्द कशी करतात हा आहे.

धातूची मूठ आणि रेडिओ चाव्या

दुरून वाचल्या जाणाऱ्या चाव्यांनी अनेक ठिकाणी आयबटनाची जागा घेतली आहे. त्यांत १२५ किलोहर्ट्झवर चालणारे ईएम४१०० आणि १३.५६ मेगाहर्ट्झवर चालणारे मायफेअर हे प्रमुख प्रकार आहेत. या चाव्यांत तारेचे वेटोळे असते आणि वाचकाच्या बदलत्या चुंबकीय क्षेत्रातून त्याला वीज मिळते. त्यांना संपूर्ण धातूचे कवच देता येत नाही. बदलते चुंबकीय क्षेत्र धातूवर पडले की धातूत गोल फिरणारे विद्युतप्रवाह निर्माण होतात आणि ते मूळ क्षेत्राला विरोध करतात. वेटोळ्याला पुरेशी वीज मिळत नाही आणि चावी मुकी होते. ‘धातूची’ म्हणून विकल्या जाणाऱ्या रेडिओ चावीत धातूची केवळ चौकट असते. तिची निदान एक बाजू प्लास्टिक किंवा इपॉक्सी राळेची असते, आणि धातूचा पत्रा मागे असल्यास मध्ये फेराइटचा पातळ थर घालतात. अशा चावीचे वाचन-अंतर सर्वसाधारण प्लास्टिक चावीपेक्षा कमी असते. आयबटनात हा प्रश्न उद्भवत नाही, कारण तेथे धातू हा अडथळा नसून स्वतःच तार आहे.

प्रत होण्याच्या बाबतीत साधी रेडिओ चावी आयबटनाहून सरस नाही. ईएम४१०० देखील आपला क्रमांक कोणालाही सांगते, आणि तेही न टेकवता. मायफेअर क्लासिकमधील ‘क्रिप्टो-१’ ही गुप्तलेखन पद्धत २००८ मध्ये नेदरलँड्समधील नायमेखेन येथील रॅडबाउड विद्यापीठाच्या संशोधकांनी भेदून दाखवली. स्पर्शाची अट असलेली चावी निदान खिशात असताना कोणाला वाचता येत नाही.

इतर उपयोग

इस्तंबूल शहराने १९९५ पासून सार्वजनिक वाहतुकीच्या भाड्यासाठी आयबटनावर आधारित ‘आकबिल’ वापरात आणले. २००९ मध्ये आलेल्या ‘इस्तंबूलकार्ट’ या स्पर्शरहित कार्डाने पुढे त्याची जागा घेतली. १९९८ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोतील जावावन परिषदेत उपस्थितांना जावा आज्ञावली चालवू शकणारे आयबटन बसवलेल्या अंगठ्या देण्यात आल्या होत्या. उपाहारगृहांत बिलाच्या यंत्रावर वाढप्याची ओळख पटवण्यासाठी आणि शीतसाखळीत तापमानाची नोंद ठेवण्यासाठीही या डब्या वापरल्या जातात. रात्रपाळीच्या पहारेकऱ्यांच्या फेऱ्या नोंदवण्याच्या पद्धतीत मांडणी उलट असते: डब्या भिंतींवर कायमच्या बसवलेल्या असतात आणि पहारेकरी वाचक बरोबर घेऊन फिरतो.